दुप्पट टाकं

सस्सी गवंडी माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला आपली मुलगी कुणाला द्यायची नव्हती, आणि हे उघड बोलायची सोय नव्हती.

जेर्बा बेटावर मुलीचा बाप मुलाचं नाव नंतर विचारतो, आधी टाकं विचारतो. विहिरी आहेत वाडीवाडीला, पण त्यांचं पाणी इतकं मचूळ की उंटही तोंड वाकडं करतो. गोड पाणी काय ते वरून येतं, तेही हिवाळ्यात, तेही त्याची मर्जी असली तर. म्हणून प्रत्येक घराच्या अंगणात जमिनीखाली टाकं आणि वर चुन्यानं माखलेली उताराची गच्ची. पडलेला थेंब न् थेंब गच्चीवरून पन्हळीत आणि पन्हळीतून टाक्यात. ज्या घरात टाकं भरलेलं नाही त्या घरात मुलगी देणाऱ्याला लोक बाप म्हणत नाहीत.

आता ही सगळी टाकी बांधणारा माणूस सस्सीच. त्यामुळे मामियाला मागणी आली की त्याला दोष काढायला कितीसा वेळ लागणार? एकाच्या टाक्याला तडा आहे. दुसऱ्याचा चुना कच्चा आहे. तिसऱ्याच्या गच्चीवर कबुतरं फार बसतात, माझी मुलगी कबुतरांचं पाणी पिणार काय? तडा गेलेलं टाकं त्यानंच बांधलेलं होतं, पण हे तोंडावर सांगणार कोण.

मामियाची आई ती लहान असतानाच गेली. बापाच्या मापाच्या दोरीचं दुसरं टोक धरतच पोर मोठी झाली. घरात दोनच माणसं. सस्सी कामावरून यायचा, हात धुवायचा, आणि समोर गरम जवाची भाकरी, ऑलिव्हचं तेल, सुका मासा यायचा, आणि वर मामियाची टकळी. मुलगी गेली की भाकरी कुठूनही मिळेल, टकळी कुठून आणणार? हे त्याचं खरं दुखणं होतं. पण दुखणं सांगितलं तर लोक हसतात, आणि टाक्याचा दोष सांगितला तर माना डोलावतात.

मग आला अयूब. बेटावरच्या निम्म्या पुरुषांची राजधानीत वाणसामानाची दुकानं, तसं त्याचंही. उन्हाळ्यात घरी यायचा तेव्हा मामियाच्या कुंपणापाशी आल्यावरच त्याचं गाढव नेमकं अडायचं. अडलेल्या गाढवाशी तो मोठमोठ्यानं अशा काही गप्पा मारायचा की आत मामियाला पदर तोंडात कोंबावा लागायचा. पुढं त्यानं सस्सीच्या मोठ्या बहिणीच्या हातून चौकोनी साखरेचा एक डबा पाठवला. या बहिणीचं नाव दघमा. मामिया तिला अम्ती म्हणे, म्हणजे आत्या, आणि मामियाचं ऐकून सगळी वाडीच तिला अम्ती म्हणू लागली होती. साखर पोचली, मामिया हसली, आणि अयूब वाडीच्या शेख खलीफांना पुढं घालून मागणी घालायला आला.

सस्सीनं चहा दिला, बदाम दिले आणि मिशीवरून हात फिरवला.

"तुमचं टाकं तर तुझा बाप होता तेव्हाच ढासळलं ना रे?"

"नवं बांधतोय, सीदी सस्सी. घरच नवं बांधतोय," अयूब अदबीनं म्हणाला.

"हां. केवढं टाकं?"

इथं अयूबनं मुकाट्यानं 'तुमच्याएवढं' म्हणावं की नाही? पण सोबत शेख, आतल्या दाराआड मुलगी, आणि कमरेला राजधानीतला पट्टा. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"तुमच्या टाक्याच्या दुप्पट!"

आत चुलीपाशी मामियानं कपाळाला हात लावला.

सस्सीचे डोळे बारीक झाले. "दुप्पट म्हणजे कसं, नीट सांग बाबा. मी अडाणी माणूस. लांबीला दुप्पट?"

"लांबीला. आणि रुंदीलाही."

"आणि खोलीला?" हे सस्सीनं इतक्या मऊ आवाजात विचारलं, जसं कुणी आजाऱ्याची विचारपूस करावी.

"खोलीलाही! कमी कशाला?"

"वा! आणि गच्ची?"

"गच्चीही दुप्पट. लांबीलाही, रुंदीलाही. तुमच्या गच्चीनं तुमचं टाकं भरतं ना?"

"दर हिवाळ्यात. गळ्यापर्यंत, ना कमी ना जास्त."

"मग झालं तर. दुप्पट गच्ची, दुप्पट टाकं. हिशेब सरळ आहे."

"अगदी सरळ," सस्सी म्हणाला आणि शेखांकडे वळला. "शेख, तुम्ही साक्षी. बदामाला फुलं येतील त्या दिवशी याचं टाकं गळ्यापर्यंत भरलेलं असलं तर मुलगी याची. नसलं तर या दारात पुन्हा यायचं नाही. बाहेरून घडाभर पाणी ओतायचं नाही. टाकं पुरं झालं की तोंडावर मी स्वतः झाकण बसवीन, चुन्यानं बंद करीन. जे यायचं ते पन्हळीतून येऊ दे."

"कबूल!" अयूब म्हणाला, आणि जिंकल्यासारखा बदाम खाऊ लागला.

आत भाकरी करपली.

दुसऱ्या दिवशी सस्सी कामावर गेल्यावर अम्ती दघमा आली. अम्ती म्हणजे भरभक्कम बाई. ती दारातून आत आली की घरात क्षणभर उजेड कमी व्हायचा.

"अभिनंदन गं! दुप्पट टाकं! राणी होणार तू."

"राणी?" मामिया भडकली. "अम्ती, त्या गाढवाशी बोलून बोलून याची अक्कलही तिथंच गेली. बाबांनी त्याला दिवसाढवळ्या खड्ड्यात घातलंय आणि हा खड्डा खणायचे पैसेही बाबांनाच देणार आहे."

"असं काय बोलतेस? दुप्पटला दुप्पट. मलासुद्धा कळतं तेवढं."

मामियानं साखरेचा डबा काढला आणि चहाच्या ताटात एक खडा ठेवला.

"हे आपलं टाकं. एक खडा. आता मला याच्या दुप्पट लांब, दुप्पट रुंद, दुप्पट उंच टाकं करून दाखव."

अम्तीनं दुसरा खडा शेजारी ठेवला. "हे घे."

"ही नुसती लांबी झाली. रुंदी?"

अम्तीनं आणखी दोन ठेवले. आता ताटात चार खड्यांचा चौकोन झाला. "झालं."

"ही झाली गच्ची. गच्चीला लांबी आणि रुंदी, दोनच बाजू. दोन्ही दुप्पट केल्या, तर एका गच्चीच्या चार गच्च्या झाल्या. म्हणजे पाऊस चौपट पडणार. पण टाक्याला खोलीपण आहे की."

अम्तीनं जरा विचार केला आणि चार खड्यांवर चार खडे रचले. मग बोटानं मोजले. मग पुन्हा मोजले, जणू मधल्या वेळात कुणी एखादा वाढवला असेल.

"आठ."

"आठ! पाणी यायचं चौपट आणि टाकं आठपट. कितीही पडू दे, आपलं भरेल तेव्हा त्याचं निम्मं भरेल. जन्मभर निम्मंच भरेल."

"आणि सस्सीला हे ठाऊक आहे?"

"त्यांनीच तर मला शिकवलंय. म्हणून तीन तीनदा विचारत होते, लांबीला का, रुंदीला का, खोलीला का!"

"मेला लबाड," अम्ती म्हणाली, आणि संतापून टाक्याचा वरचा एक खडा तोंडात टाकला. "लहानपणी माझ्या वाटणीचे खजूर असेच खायचा. मोठे मोठे तुला, म्हणायचा, आणि बिया मोठ्या असलेले द्यायचा."

मामिया हसली, पण डोळे भरले होते. बाबांचा राग येत होता आणि बाबांची दयाही येत होती, आणि सगळ्यांत जास्त राग येत होता तो त्या दुकानदाराचा. तिच्या आयुष्याची पैज लावताना त्यानं निदान एकदा आतल्या दाराकडे बघायचं होतं.

तरी तिनं अम्तीबरोबर निरोप पाठवला, की अजून वेळ आहे, टाक्याची खोली वाढवू नकोस. उत्तर संध्याकाळच्या आत आलं. अम्तीनं ते अयूबच्याच ऐटीत म्हणून दाखवलं, "तिला सांगा, काळजी करू नकोस. दुकानदाराला हिशेब शिकवायची गरज नसते."

"असं?" मामिया म्हणाली. "मग खणू दे."

आणि खणलं. वरचा कातळ फोडून मजूर आत उतरले आणि अयूबच्या अंगणात मातीचा ढीग वाढत चालला. आधी तो गाढवाएवढा होता, मग उंटाएवढा झाला, मग पलीकडचं घर दिसेना. एवढी माती येते कुठून म्हणून मजूरही चक्रावले. अयूबला वाटलं, आपली जमीनच दिलदार आहे. सस्सी रोज घरी यायचा तो गाणं गुणगुणत. रोजी मिळत होती, मुलगी घरात होती, आणि होणारा जावई स्वतःच्या हातानं आपलं लग्न पुरत होता. असं सुख किती बापांच्या नशिबी येतं?

एकदा जेवताना मात्र तो कुरकुरला. "खड्डा फार रुंद झालाय. एका कमानीनं झाकला तर आज ना उद्या कोसळेल. मधोमध भिंत घालावी लागणार, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पार छतापर्यंत. तिच्यावर दोन्ही बाजूंच्या कमानी टेकवीन."

मामियाचा हात तेलाच्या भांड्यावर थांबला. "म्हणजे टाक्याचे दोन भाग होणार. टाक्याचं तोंड कुठल्या भागावर?"

"एकाच. पूर्वेकडच्या. पन्हळही तिथंच येते."

"मग पलीकडे पाणी कसं जाणार, बाबा?"

"भिंतीच्या तळाला मुठीएवढं भोक ठेवतो ना. इकडे जेवढं चढेल तेवढंच तिकडे चढेल. एवढंही विसरलीस?"

"विसरले," मामिया म्हणाली, आणि बापाच्या पुढ्यात सुक्या माशाचा सगळ्यांत मोठा तुकडा ठेवला. सस्सीला वाटलं, पोरीला लग्नाचा विसर पडत चाललाय. तो मनापासून जेवला.

पहिल्या पावसाआधी बायकांचा दिवस असतो. गच्च्या झाडायच्या, चुना द्यायचा आणि नवं टाकं असेल तर आत उतरून पुसून काढायचं. त्या दिवशी पुरुषांनी अंगणात पाऊल टाकायचं नाही. अयूब तर दुकान उघडायला राजधानीत परत गेला होता. अयूबच्या आईकडे वाडीतल्या बायका जमल्या, त्यांत अम्ती दघमा आली आणि अम्तीबरोबर डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या चादरीत गुंडाळलेली कुणी "झरझिसची पाहुणी", म्हणजे समुद्रापलीकडच्या गावची, आली. त्या पाहुणीची चाल, उंची आणि हसणं सगळ्या बायका ओळखून होत्या, पण पाहुणी म्हटल्यावर पाहुणी. होऊ घातलेल्या सासरी लग्नाआधी मुलीनं पाऊल टाकायचं नसतं, हे सगळ्यांना माहीत होतं आणि डोळे कुठं मिटायचे हेही माहीत होतं.

"मी उतरते खाली," अम्ती म्हणाली. मोठेपणा तिचाच. शिडीवर पाय ठेवला, कमरेपर्यंत गेली आणि टाक्याच्या गळ्यात बसली. खाली जाईना, वर येईना. चार बायकांनी काखेत हात घालून ओढली तेव्हा बाटलीचं बूच निघावं तशी ती वर आली.

"सस्सीनं मुद्दाम गळा लहान केला मेल्यानं," ती धापा टाकत म्हणाली. "जा गं पाहुणे, तूच जा."

मामिया खाली उतरली. आत ओल्या चुन्याचा वास होता आणि शब्दाला शब्द घुमून परत येत होता. बापानं घातलेली भिंत तिनं तळहातानं चाचपली. काय गुळगुळीत काम! लबाड असला तरी हात सोन्याचा आहे, तिच्या मनात आलं. तळाशी, ठेवायचं तिथंच, मुठीएवढं भोक होतं. तिनं चादरीखालून ऑलिव्हच्या लाकडाचा खुंटा काढला, त्याला खजुराचा काथ्या गुंडाळला, तेलात कालवलेला चुना फासला आणि खुंटा भोकात ठोकून बसवला. खुंट्याला आधीच एक बारीक दोरी बांधलेली होती. ती भिंतीच्या कोपऱ्याकोपऱ्यानं वर नेली, पन्हळीच्या तोंडातून बाहेर काढली आणि तिथल्या दगडाखाली टोक दाबून ठेवलं.

"भोक बुजवलंस ते कळलं," परत जाताना अम्ती कुजबुजली. "आठातले चार झाकले. आता चौपट पाणी आणि चारच खडे. पण दोरी कशाला?"

"ओढली की खुंटा निघेल, पाणी दोन्हीकडे पसरेल आणि टाकं निम्म्यावर येईल."

"अगं पण असं कशाला करायचं?"

"मन बदललं तर?"

"कुणाचं?"

"माझं," मामिया म्हणाली. "पैज दोन पुरुषांनी लावली. मला कुणी विचारलं होतं? आता दोरी माझ्याकडे."

सस्सीनं शब्द दिला होता तसं झाकण बसवलं, चुन्यानं बंद केलं आणि ओल्या चुन्यात अंगठा उमटवला. आता कुणाची माय व्याली होती त्यात पाणी ओतायला! आपण बंद केलेलं आपल्यालाही बघता येणार नाही, हे त्याच्या ध्यानात आलं, पण बघायचं होतं कशाला? त्याला तर आधीच माहीत होतं.

त्या हिवाळ्यात पावसानं कुणाची थट्टा केली नाही. जसा पडतो तसा पडला. घराघरांत टाकी चढू लागली. सस्सी दर पावसानंतर आपल्या टाक्यात दगड बांधलेली दोरी सोडायचा आणि मुद्दाम मामियाला ऐकू जाईल असं म्हणायचा, "आपलं निम्मं झालं. म्हणजे बिचाऱ्याचं पाव."

"बिचारा," मामिया म्हणायची आणि मान खाली घालून मसूर निवडायची.

ऐन थंडीत अयूब अचानक बेटावर परतला, तो थेट अम्तीच्या घरी. तोंड उतरलं होतं, दाढी वाढली होती. त्या वेळी मामिया अम्तीकडे लोकर पिंजायला आली होती. पावलं ऐकून ती आतल्या खोलीत गेली आणि दाराच्या फटीला कान लावला.

"अम्ती," अयूब म्हणाला, "ते आठ होतात."

"काय आठ होतात?"

"दुकानात साबणाच्या चौकोनी वड्या आल्या. मी रचत बसलो होतो. लांबीला दोन, रुंदीला दोन, वर दोन. सहज मोजल्या. आठ. मग गच्ची आठवली. माझ्या अंगावर काटाच आला. तीन रात्री झोपलो नाही मी. टाकं भरणारच नाही. कधीच भरणार नाही."

"मग जा शेखांकडे. सांग, सस्सीनं फसवलं म्हणून. त्याला सगळं ठाऊक होतं."

 फटीमागे मामियानं श्वास रोखला.

"फसवलं कुठं, अम्ती? त्यांनी तीनदा विचारलं आणि तीनदा मीच हो म्हणालो. तोंड माझं होतं. आता म्हातारपणी त्यांची चारचौघांत शोभा करू? तिच्या बापाची?" मग खाली बघून म्हणाला, "तिला एवढंच सांगा, तिनं निरोप पाठवला तेव्हा मी ऐकायला हवं होतं. दुकानदारालाही शिकवावं लागतं. बदाम फुलतील त्या दिवशी येईन, हरेन आणि जाईन."

अम्तीचं मन लगेच पाघळलं. तिनं तोंड उघडलं, "अरे वेड्या, रडतोस काय, तुझं टाकं तर..."

आतून मोठ्यानं खोकला आला.

"तर काय?" अयूबनं विचारलं.

"तर... पांढरं सुंदर दिसतं," अम्ती म्हणाली. "चहा घे."

तो गेल्यावर अम्ती आत आली, तर मामिया लोकरीच्या ढिगात तोंड खुपसून बसली होती. हसतेय का रडतेय ते अम्तीला कळेना, आणि खरं तर दोन्ही चाललं होतं.

"सांगू दिलं का नाहीस गं? मरेल पोरगा काळजीनं."

"मरत नाही कुणी. मी उन्हाळाभर काळजी केली, आता थोडे दिवस त्यानं करावी." डोळे पुसून ती म्हणाली, "पण अम्ती, त्या दोरीला आता कुणी हात लावायचा नाही. मीही नाही."

बदाम फुलले. शेख खलीफा आले, शेजारी आले, बायका शेजारच्या गच्चीवर जमल्या. सस्सी नवा जुब्बा घालून आला, खांद्यावर मापाची दोरी. अयूब पाय ओढत आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला, कुणी फाशी द्यायला आणल्यासारखा.

सस्सीनं चुन्यातला आपल्या अंगठ्याचा ठसा सगळ्यांना दाखवला, चुना फोडला, झाकण सरकवलं आणि वाकला.

पाणी त्याच्या नाकापासून वीतभर लांब होतं. पाण्यात एक म्हातारा, तोंड उघडं टाकून, त्याच्याकडेच बघत होता.

"हे शक्यच नाही!" सस्सी ओरडला.

अयूब धावत आला, वाकला आणि त्याचंही तोंड तसंच उघडं राहिलं. "हे शक्यच नाही!" तोही म्हणाला.

"का शक्य नाही?" शेख खलीफांनी विचारलं. "दुप्पट गच्ची, दुप्पट टाकं. हिशेब सरळ आहे असं तूच म्हणाला होतास ना, सस्सी? मी साक्षी होतो."

सस्सी अडकला. शक्य का नाही हे सांगावं, तर आपल्याला आधीपासून ठाऊक होतं हे कबूल करावं लागणार. न सांगावं, तर मुलगी जाते. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे हे भरलेलं टाकं.

"खोली मोजू दे," तो कसाबसा म्हणाला.

दोरी सोडली. दगड थेट तळाला टेकला. खोली पुरी दुप्पट भरली, बोटभरही कमी नाही. हे सगळं आपल्याच हातचं चोख काम. मग पाणी आलं कुठून? त्यानं दोरी वर ओढली, ती अडकली. दगड कशाला तरी गुंतला होता. सस्सीनं बाही वर करून पाण्यात हात घातला आणि त्याच्या हाताला एक दुसरी दोरी लागली. बारीक, ताणलेली, तळाकडे गेलेली. मधल्या भिंतीच्या कोपऱ्याकडे.

भोक! आपणच ठेवलेलं भोक. आणि दोरीला दोरी जोडून हाताशी आलेली ती गाठ? ही गाठ त्याच्याशिवाय या बेटावर एकाच माणसाला येत होती, कारण त्यानंच ती शिकवली होती.

कुणालाच काही दिसत नव्हतं. एक झटका, आणि पाणी पलीकडे पळालं असतं. जेवणाच्या वेळेपर्यंत टाकं निम्म्यावर आलं असतं. नवीन बांधकाम, कुठं तरी गळलं असेल, असं म्हणता आलं असतं. मुलगी घरी राहिली असती. सस्सीनं दोरी मुठीत धरली आणि मान वर केली. गच्चीवर पांढऱ्या चादरींची रांग होती. त्यांतली एक चादर कठड्याला दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी होती आणि त्याच्याकडे बघत होती. ओरडत नव्हती, खुणावत नव्हती. लहानपणी दोरीचं दुसरं टोक धरून अशीच उभी राहायची, बाबा कधी 'सोड' म्हणतात म्हणून.

सस्सीनं मूठ सोडली.

"गळ्यापर्यंत भरलंय," तो म्हणाला, आणि ओला हात नव्या जुब्ब्याला पुसला.

गच्चीवरून बायकांचा आनंदाचा हुलहुलाट उठला. त्यात सगळ्यांत वरचा आवाज अम्तीचा होता. अयूब पाण्याकडे, मग आकाशाकडे, मग पुन्हा पाण्याकडे बघत बोटं मोजत बसला होता, आणि लग्न ठरलेला माणूस असा का दिसतो हे शेखांना कळेना.

त्या दुपारी बापलेक जेवायला बसले. मसूर होती, सुका मासा होता. टकळी मात्र बंद होती.

"दोरी सापडली मला," सस्सी म्हणाला.

"दिसलं मला."

"ओढली असती तर?"

"ओढली नाहीत ना."

सस्सीनं भाकरी मोडली, पण तोंडात घातली नाही. "एकट्यानं जेवायचं म्हणजे... अवघड आहे गं," तो म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं टाक्याला मधे न घालता खरं सांगितलं. "म्हणून केलं."

"ठाऊक आहे, बाबा." तिनं मसुरीचं भांडं त्याच्याकडे सरकवलं. "पण एक अडचण आहे. ते टाकं निम्मं कोरडं आहे. तुमच्या हातचं काम, आणि निम्मं कोरडं! उद्या कुणाला कळलं तर लोक काय म्हणतील?"

गवंडी जागा झाला. "ते भरायचं तर आहे तेवढीच गच्ची आणखी हवी. चौपटीची आठपट."

"मग बांधा."

"बांधा काय? गच्ची हवेत बांधू? खाली खोल्या येतील."

"येऊ द्या की."

"अगं पण एवढ्या खोल्या! अयूब वर्षातून निम्मा वेळ दुकानात. त्याची आई, तू. त्या खोल्यांत राहणार कोण?"

 मामियानं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी ठेवली, हात पुसले आणि त्याच्याकडे बघत बसली, साखरेचे खडे मोजणाऱ्या अम्तीकडे बघत बसली होती तशी.

सस्सीनं तिच्याकडे पाहिलं. मग भाकरीकडे पाहिलं. 

"खोल्या म्हणजे तीन बाजू मोजायला लागतील," शेवटी तो म्हणाला, आणि कोनाड्यातली मापाची दोरी काढून तिचं एक टोक मुलीच्या हातात दिलं. "चल. ऊन उतरायच्या आत. आणि घट्ट धर, मी म्हणेपर्यंत सोडायचं नाही."